रोग रिव्हरवरचा राफ्ट वल्हवण्याचा वर्ग: एका हंगामाच्या वापरानंतर

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात रोग रिव्हरवर भरणाऱ्या, राफ्ट वल्हवायला शिकवणाऱ्या चार मुक्कामी वर्गाबद्दल जूनअखेरीस लिहून ठेवलेला कौतुकाचा अभिप्राय आता आहे तसा ठेवणे मला शक्य नाही, आणि त्याला कारण आहे वल्ह्याच्या दांड्यावर बसवला जाणारा हाताच्या पंज्याएवढा एक प्लास्टिकचा तुकडा. वर्गात या तुकड्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. त्यानंतर मात्र क्लॅकमस आणि डेशूट्स या नद्यांवर स्वतःची राफ्ट घेऊन फिरताना उन्हाळाभर माझ्या डोक्यात प्रामुख्याने तोच होता. त्यामुळे हा अभिप्राय बराचसा त्या तुकड्याविषयी आहे, हे आधीच सांगून टाकतो.

ग्रेव्ह क्रीक ते फॉस्टर बार हा सुमारे ३४ मैलांचा टप्पा, १५ मे ते १५ ऑक्टोबर या काळात दिवसाला जास्तीत जास्त १२० माणसांनाच मिळणारा प्रवेश, वाहत्या नद्या जपण्यासाठीच्या १९६८ च्या कायद्याने संरक्षण मिळालेल्या पहिल्या आठ नद्यांमध्ये या नदीचा असलेला समावेश, हे सारे ओरेगनमध्ये राहून राफ्टिंगचा विचार करणाऱ्यांना ठाऊकच असते. तंबू चांगले होते. जेवण गरजेपेक्षा जास्त होते आणि शाकाहाऱ्यांची सोय आधी कळवल्यामुळे नीट झाली. शौचाची पेटी सोबत वाहून न्यावी लागते, तिची सवय दुसऱ्या दिवशी होते. अस्वलांसाठी काही मुक्कामांवर विजेचे कुंपण आहे, अन्न त्याच्या आत ठेवायचे असते. पॉयझन ओक नावाची अंगाला खाज आणणारी वनस्पती मात्र सगळीकडे आहे, तेव्हा संध्याकाळी पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. शुल्क हजार डॉलरच्या बरेच वर जाते आणि शेवटी प्रशिक्षकांना बक्षिशी देण्याची अपेक्षा वेगळी असते, ती छापील दरात कुठेही दिसत नाही.

आता मूळ विषयाकडे येतो. कोलाडला कुंडलिकेवर किंवा ऋषिकेशला गंगेवर आपल्यापैकी बहुतेकांनी जे राफ्टिंग केलेले असते, ते हातातल्या छोट्या पॅडलचे असते. मागे बसलेला गाइड ‘फॉरवर्ड’ असे ओरडतो आणि सगळे मिळून पाणी मागे ढकलतात. धातूच्या चौकटीवर मध्यभागी बसून, दोन्ही हातांत नऊ-नऊ फुटांची वल्ही घेऊन, सामानाने लादलेली १४ फुटी राफ्ट एकट्याने नेणे ही निराळी विद्या आहे, कारण तिच्यात पुढे जाण्यासाठी सहसा काही करायचेच नसते. पुढे नदी नेतच असते. वल्हवणाऱ्याने राफ्ट प्रवाहाविरुद्ध तिरकी ओढायची, तिचा वेग पाण्याच्या वेगापेक्षा कमी करायचा आणि त्या कमी झालेल्या वेगाच्या जोरावर तिला आडवे सरकवायचे, एवढेच त्याच्या हाती असते.

ही रीत फार जुनी नाही. १८६९ मध्ये जॉन वेस्ली पॉवेल यांच्या तुकडीने कोलोरॅडो नदीचा प्रवास केला, तेव्हा त्यांचे वल्हेकरी प्रवाहाच्या दिशेला पाठ करून बसत आणि न दिसणाऱ्या खडकांकडे जोर लावून नाव हाकत. १८९० च्या दशकात नेथॅनिएल गॅलोवे या युटामधल्या सापळेवाल्या शिकाऱ्याने तोंड प्रवाहाच्या दिशेला केले, धोका नजरेसमोर ठेवला आणि त्याच्यापासून दूर ओढण्याची पद्धत रूढ केली. आमच्या वर्गात पहिल्या दिवशी हेच एक सूत्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत घोटून घेतले गेले: ज्याची भीती वाटते, त्याच्याकडे तोंड करा आणि मागे ओढा. प्रशिक्षिका राफ्टच्या पुढच्या नळीवर आमच्याकडे तोंड करून, म्हणजे स्वतः प्रवाहाकडे पाठ करून बसत असे. आमच्या चेहऱ्यावरूनच तिला पुढचा खडक कळत असावा, कारण डोळे बारीक होताच ती ‘अँगल’, म्हणजे राफ्टचा कोन सांभाळा, एवढा एकच शब्द उच्चारायची.

या बाबतीत वर्गाला माझ्याकडून पूर्ण गुण आहेत. पाणी वाचायला त्यांनी खरोखर शिकवले. प्रवाहाच्या दिशेने टोक असलेली गुळगुळीत पाण्याची जीभ म्हणजे वाट, उलट्या दिशेने टोक असलेली रेघ म्हणजे पाण्याखालचा खडक, आणि दोन्हींकडे दुर्लक्ष करून जिथे पाणी अचानक सपाट दिसेनासे होते तिथे आधी काठाला लागून चालत जाऊन पाहायचे, हे त्यांनी व्याख्यान न देता प्रत्येक वळणावर थांबून दाखवले. रेनी फॉल्स हा पाचव्या श्रेणीचा धबधबा टाळण्यासाठी उजव्या काठाने माशांसाठी काढलेली अरुंद वाट आहे. तिथून रिकाम्या राफ्ट दोरांनी खाली सोडताना कोणी कुठे उभे राहायचे आणि दोर हाताला का गुंडाळायचा नाही, याची शिस्त तर मला आजही उपयोगी पडते. जूनअखेरीस लिहिलेला अभिप्राय या सगळ्यामुळेच इतका उत्साही होता.

आता तो तुकडा. राफ्टच्या चौकटीवर दोन्ही बाजूंना पितळी बेचके असतात, त्यांना ओअरलॉक म्हणतात आणि वल्ह्याचा दांडा त्यांच्यात नुसता ठेवलेला असतो. बेचक्याचे तोंड वर उघडे असल्यामुळे दांडा त्यात स्वतःभोवती गोल फिरू शकतो आणि त्याच्यासोबत पलीकडचे पातेही फिरते. पाते पाण्यात उभे असेल तर ते पाणी धरते. ते आडवे झाले तर भाकरीखाली सरकणाऱ्या उलथण्यासारखे पाण्यातून निघून जाते आणि ओढणारा माणूस स्वतःच्याच जोराने मागे कोलमडतो. तिरके झाले तर आणखी वाईट, कारण मग पाते खोल बुडी मारते आणि अलीकडचा मुठीचा भाग हनुवटीच्या दिशेने उसळतो. हे टाळण्यासाठी दांड्यावर बेचक्याच्या जागी स्क्रूने आवळून एक प्लास्टिकचा चपट्या बाजूंचा तुकडा बसवतात. त्याला इथले लोक ‘ओअर राइट’ म्हणतात. त्याच्या सपाट बाजू बेचक्याच्या दोन शिंगांत अडकतात, दांडा फिरत नाही आणि पाते कायम उभे राहते. वल्हे थोडे आत किंवा बाहेर सरकवले की अडकण सुटते.

वर्ग घेणाऱ्या शाळेच्या प्रत्येक वल्ह्यावर हा तुकडा बसवलेला होता. आम्हाला वाटले, वल्हे असेच असते.

वर्ग सुरू असताना त्याचा फायदाच झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. स्लिम पिकन्ससारख्या चिंचोळ्या फटीतून जाताना दोन्ही वल्ही आत घ्यावी लागतात आणि बाहेर येताच पुन्हा पाण्यात टाकावी लागतात. त्या क्षणी पाते कोणत्या अंगाने पाण्याला लागेल याचा विचार करावा लागला असता तर पहिला झटका वायाच गेला असता. म्यूल क्रीक कॅन्यनमध्ये ‘कॉफी पॉट’ नावाची जागा आहे. तिथे दोन्ही कातळ इतके जवळ येतात की लांब वल्ही दोन्ही बाजूंना घासू शकतात, पाणी खालून उकळ्या फुटल्यासारखे वर येते आणि राफ्ट कोणाचेही न ऐकता जागेवर फिरत राहते. तिथे आम्ही निव्वळ बचावलो, त्याला वल्हवणे म्हणता येणार नाही.

आणि ब्लॉसम बार. ग्लेन वुल्ड्रिज यांनी १९१५ मध्ये ग्रँट्स पासहून समुद्रकाठच्या गोल्ड बीचपर्यंत नावेने प्रवास केला आणि पुढे सुरुंग लावून याच खडकाळ जागेतली वाट मोकळी केली. तरीही आजही तिथे डावीकडून आत शिरून, वरच्या मोठ्या खडकाला वळसा घालत उजवीकडे ओढून त्याच्यामागच्या संथ पाण्यात पोहोचावे लागते. हा एक ओढा चुकला तर सारे पाणी ‘पिकेट फेन्स’ नावाच्या खडकांच्या रांगेकडे जाते. तिथे राफ्ट खडकांना गुंडाळल्या गेल्या आहेत आणि माणसे दगावलीही आहेत. आम्ही काठावरून बराच वेळ ती वाट पाहिली. माझी पाळी आली तेव्हा सलग पाच-सहा जोरदार ओढे घेताना एकदाही पाते घसरले नाही. त्याचे श्रेय मी तेव्हा माझ्या मनगटांना दिले, तो भाग निराळा.

जुलैमध्ये मी एका निवृत्त गृहस्थांकडून जुनी राफ्ट, चौकट आणि तीन वल्ही विकत घेतली. नवी घेण्याची ऐपत असली तरी इच्छा नव्हती, कारण रबरी नळ्यांवर नव्या गाडीच्या पहिल्या हप्त्याइतका खर्च करणे आमच्या घरात पटवून देता आले नसते. वल्ही उत्तम लाकडाची, पण बेचकी उघडी आणि दांड्यावर फक्त दोर गुंडाळलेला व रबरी कडे. क्लॅकमसवर पहिल्याच बऱ्यापैकी लाटेत डावे पाते आडवे झाले. पुढच्या ओढ्याला उजवे बुडाले आणि मुठीचा फटका माझ्या कॉलरबोनवर बसला. त्या दिवसभर माझे लक्ष नदीवर कमी आणि वल्ह्याच्या दांड्यावर जास्त होते. कोन विसरलो, जीभ विसरलो, एवढे पैसे देऊन जे शिकलो ते एका गोल दांड्याने निकामी करून टाकले.

घरी आल्यावर शाळेला सविस्तर पत्र लिहिले. वर्गात आम्हाला दिलेल्या वल्ह्यांवर असे साधन आहे, ते सगळ्या वल्ह्यांवर नसते आणि ते नसेल तर मनगट कसे ठेवायचे, एवढे तीन मुद्दे कोणत्याही संध्याकाळी शेकोटीपाशी दहा मिनिटांत सांगता आले असते, असे त्यात म्हटले होते. उत्तर आले की अभ्यासक्रमाचा भर नदीवाचनावर आणि सुरक्षिततेवर आहे, साधनांच्या निवडीसाठी जवळच्या दुकानात चौकशी करावी. त्याच पत्रात सामान बांधण्याचा एक पट्टा परत आलेल्या मोजणीत कमी आढळला म्हणून अनामत रकमेतून त्याची किंमत कापल्याचेही कळवले होते. तो पट्टा प्रशिक्षकांच्याच बर्फाच्या पेटीभोवती बांधलेला स्पष्ट दिसणारे छायाचित्र मी पाठवले. त्यावर अद्याप उत्तर आलेले नाही. रक्कम किरकोळ आहे, पण ती माझी आहे.

मुकाट्याने दोन ओअर राइट विकत घेतले आणि बसवले. ऑगस्टमध्ये क्लॅकमस पुन्हा वल्हवली, तेव्हा सगळे रोग रिव्हरसारखे जमले. इथपर्यंतचा मजकूर मी त्याच आठवड्यात लिहिला होता आणि त्याचा निष्कर्ष असा होता की वर्ग चांगला आहे, तुकडा आवश्यक आहे, आणि शाळेने त्याची किंमत शुल्कातच सांगून टाकावी.

सप्टेंबरमध्ये डेशूट्सवर गेल्यावर हा निष्कर्ष टिकला नाही.

वॉर्म स्प्रिंग्सपासून मॉपिनच्या दिशेने जाणाऱ्या या टप्प्यावर पुण्याहून आलेला माझा मेहुणा सोबत होता आणि पुढे-मागे दोन अनुभवी मित्रांच्या राफ्ट होत्या. व्हाइटहॉर्स हा लांबलचक रॅपिड, म्हणजे खळाळत्या पाण्याचा टप्पा, ओअर राइट लावूनच पार केला. त्यात सुरुवातीलाच नेमकी वाट पकडावी लागते, नाहीतर पुढे खडकांचे रान आहे. पाती उभी राहिली, राफ्ट हवी तशी सरकली, तक्रार काहीच नव्हती. खरा त्रास सुरू झाला तो दुपारनंतरच्या संथ पाण्यात. डेशूट्सच्या दरीत दुपारी वारा प्रवाहाच्या उलट, खालून वर वाहतो आणि तो इतका जोरकस असतो की वल्हवणे थांबवले तर राफ्ट चक्क वरच्या दिशेला सरकू लागते. तिथे मागे ओढून चालत नाही, मूठ पुढे ढकलत राफ्ट हाकावी लागते. प्रत्येक ढकलीनंतर पाते पाण्याबाहेर काढून पुन्हा पुढे नेताना ते वाऱ्यासमोर उभेच्या उभे जात होते. बराच वेळ हा प्रकार पाहिल्यावर मेहुणा म्हणाला, “दाजी, ही पाती अशी उभीच का नेताय? वारा तर त्यांनाच धरतोय.”

ज्याने आयुष्यात कोलाडपलीकडे राफ्ट पाहिली नव्हती, त्याने हे म्हणावे याचा मला थोडा रागच आला. पण त्याचे म्हणणे बरोबर होते. परतीच्या वेळी पाते आडवे केले की वारा त्याच्या कडेवरून निघून जातो. उघड्या बेचक्याची सारी मजा तिथेच आहे. काठाला लागून षट्कोनी चावीने दोन्ही तुकडे काढून टाकले. सुरुवातीला मनगटे गोंधळली, पण संथ पाण्यात पाते घसरले तरी कोणी खडकावर जात नाही. तासाभरात पाण्यात घालताना मनगट सरळ आणि बाहेर काढताना मूठ खाली वळवायची, ही लय बसली. मुक्कामावर पोहोचेपर्यंत खांद्यांचा ताण स्पष्टपणे कमी झाला होता. शिवाय एक गोष्ट अनपेक्षितपणे जाणवली. उघड्या बेचक्यात पाते पाण्यात शिरताना किंचित वळवता येते आणि खालचे पाणी कुठे ओढते आहे ते दांड्यातून थेट हाताला कळते. तुकडा लावलेला असताना एवढी जाण हाताला येत नव्हती.

त्या रात्री मुठीच्या आवरणाखाली, पात्याच्या कडेशी नेमकी जुळेल अशा रेषेत, पायजम्याच्या नाडीचा एक तुकडा चिकटपट्टीने बसवला. आता मूठ धरताच नाडी बोटाखाली लागते आणि पाते कोणत्या अंगाने आहे ते न पाहता समजते. या साऱ्या हंगामातली माझी सर्वांत यशस्वी खरेदी ही नाडी आहे, कारण ती विकत घ्यावी लागली नाही.

यानंतर शाळेवरचा राग कमी झाला असे वाटू शकेल, पण तो फक्त जागा बदलून बसला. आधी वाटत होते की त्यांनी तुकड्याविषयी सांगितले नाही. आता वाटते की त्यांनी वल्ह्याचा अर्धाच ओढा शिकवला. न्यायाने बोलायचे तर वर्गाच्या वल्ह्यांवर हे तुकडे असणे योग्यच होते. ब्लॉसम बारमध्ये नवशिक्याच्या हातात फिरणारे पाते देणे म्हणजे पिकेट फेन्सला आमंत्रण देणे झाले असते, आणि मी प्रशिक्षक असतो तर मीही तेच केले असते. आक्षेप पुढच्या पाण्याबद्दल आहे. ब्लॉसम बार आणि त्याला लागून असलेले डेव्हिल्स स्टेअर्स संपले की नदी हगिन्स कॅन्यनमध्ये शिरते आणि तिथून क्ले हिलपर्यंत पाणी बहुतांशी संथ असते. तिथेही दुपारी समोरून वारा येतो. तिथे धोका नव्हता, वेळ भरपूर होता, आणि नेमक्या त्याच टप्प्यावर आमच्या प्रशिक्षकांनी ‘आता तुम्ही दमला असाल’ असे म्हणत वल्ही स्वतःकडे घेतली व आम्हाला पेटीवर बसून दृश्य पाहायला सांगितले. दृश्य सुंदर होते. पण मी दृश्यासाठी पैसे भरले नव्हते, आणि दमलो तर मुळीच नव्हतो. तुकडे काढून तासभर वल्हवायला दिले असते, तर जुलैमधला कॉलरबोनवरचा फटका आणि सप्टेंबरमधली अर्धी दुपार, दोन्ही वाचले असते.

काही वल्हेकरी या दोन्हींच्या ऐवजी उभी लोखंडी कांब आणि दांड्याला बोल्टने जोडलेली पकड वापरतात, ज्यात पाते फिरण्याचा प्रश्नच उरत नाही. आमच्या सोबतच्या एका मित्राची राफ्ट तशी आहे. संथ पाण्यात पाते आडवे करण्याची सोय त्यातही नाही, आणि राफ्ट उसळली तर छातीसमोर उभी असलेली ती कांब मला पसंत नाही. ज्याला हयातभर तीच सवय आहे, त्याने ती ठेवावी.

सध्याची माझी व्यवस्था अशी आहे. क्लॅकमस आणि डेशूट्सचे बरेचसे पाणी उघड्या बेचक्यांनी, नाडीच्या भरवशावर वल्हवतो. व्हाइटहॉर्ससारखी जागा येण्याआधी काठाला लागून तुकडे बसवतो आणि खालच्या संथ पाण्यात काढतो. अनुभवी मित्र याला हसतात, कारण त्यांच्या मते एक काहीतरी ठरवून टाकावे. रोग रिव्हरच्या परवान्यासाठी डिसेंबर-जानेवारीत सोडतीचा अर्ज भरणार आहे. नंबर लागला तर ब्लॉसम बारमध्ये तुकडे असतील आणि हगिन्स कॅन्यनमध्ये नसतील, हे आताच ठरलेले आहे.

ज्यांना हा वर्ग घ्यायचा आहे त्यांनी जरूर घ्यावा. पाणी वाचण्याचे आणि मागे ओढण्याचे शिक्षण एवढ्या थोड्या दिवसांत इतके नीट मिळण्याची दुसरी जागा निदान मला माहीत नाही. पैसे भरण्यापूर्वी मात्र तीन प्रश्न लेखी विचारावेत: वल्ह्यांवर ओअर राइट आहेत का, ते काढून वल्हवायला शेवटच्या दिवशी वेळ मिळेल का, आणि पट्ट्यांची मोजणी निघताना कोणाच्या सहीने होते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत आले तरी हरकत नाही. खिशात स्वतःची षट्कोनी चावी ठेवावी आणि डेव्हिल्स स्टेअर्स ओलांडल्यावर वल्ही सोडायला नम्रपणे नकार द्यावा. शाळेच्या पेटीतली चावी मागू नये. ती हरवली तर काय होते ते मला अजून कळायचे आहे, पण अंदाज आहे.